एकशे सेहेचाळीस इंच

रविवार, ९ नोव्हेंबर

ही वही सुप्रभाने आणून दिली. म्हणाली, "शशी, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आठ तास उभी राहून घरी येते. आल्या आल्या मला डिशवॉशरमध्ये चमचे कसे लावावेत हे ऐकायचं नसतं. जे सांगायचंय ते यात लिही." तेव्हा लिहितो.

सत्तावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. ऑगस्टमध्ये इथल्या, रीडिंग शहरातल्या, ऑफिसने माझी जागा रद्द केली. मला नाही, माझ्या जागेला काढलं, असं एचआरची मुलगी तीन वेळा म्हणाली. जागा गेली, मी उरलो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत सगळ्यांना सांगितलं, कन्सल्टिंग करतोय. आतापर्यंत माझा सल्ला फक्त बॉयलरने ऐकलाय, आणि तोही बंद पडला.

आज आश्लेषाचा रविवारचा फोन. आमची मुलगी स्कॉटलंडमध्ये ग्लेन ओरन नावाच्या दरीत डिस्ट्रिक्ट नर्स आहे. घरोघरी जाऊन मलमपट्ट्या, इंजेक्शनं वगैरे. हिवाळ्यात दरीतला रस्ता बर्फाने बंद होतो आणि वरची सात घरं अडकतात. गावच्या ट्रस्टला देणगी मिळालीय, त्यातून स्नोमोबाइल घ्यायची आहे.

"बाबा, एक प्रॉब्लेम आहे. त्याचं ट्रॅकचा लेंग्थ ठरवायचं आहे. इथे कोणाला नक्की कळत नाही. तू बघशील?"

"त्याच्या ट्रॅकची," मी म्हटलं. "लांबी असेल तर ठरवायची."

"हां, तेच. बघशील?"

बघतो म्हणालो. तिथे बर्फ पडला का, विचारलं. "थोडी पडली." "थोडा पडला," मी म्हटलं. अठ्ठावीस वर्षांची झाली, रीडिंगमध्ये जन्मली, पण चुकलं ते कोणीतरी सांगायलाच हवं.

सुप्रभाला काहीच आश्चर्य वाटलं नाही. "काल ब्रेकमध्ये मला फोन केला होता तिने." कशाबद्दल, विचारलं. "असंच," म्हणाली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आता मला कळतं. दोन दिवसांपूर्वी कळत नव्हतं, पण हे ऐकणाऱ्याला सांगायची गरज नाही.

ट्रॅक म्हणजे स्नोमोबाइलच्या पोटाखाली फिरणारा रबरी पट्टा. पुढे दोन स्की, मागे हा पट्टा. लांबी इंचात मोजतात: १२९, १३७, १४६, १५५, १६३. लांब पट्टा बर्फावर जास्त जागा टेकतो, म्हणून भुसभुशीत बर्फात रुतत नाही आणि चढ चढतो. पण सपाट, कडक वाटेवर त्याला वळायचा कंटाळा. आखूड पट्टा सपाटीवर चपळ, चढावर मात्र जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा खणतो.

ग्लेन ओरनची अडचण अशी की तिथे दोन्ही आहे. स्नोमोबाइल सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे तिथल्या जमीनदाराच्या खाजगी इस्टेटीच्या जुन्या वाटेने जायचं. पहिले सहा मैल जंगलवाट आणि माळ, सपाट. मग दीड मैल उभा चढ, आणि वर घरं.

स्प्रेडशीट सुरू केली. सत्तावीस कॉलम.

सुप्रभाने मागून डोकावून विचारलं, "माझ्याशी लग्न ठरवताना किती कॉलम केले होतेस?"

"नऊ."

"आणि मी पहिली आले."

"दुसरी. पहिली अमेरिकेला गेली."

हे मी तिला पूर्वीही सांगितलंय. तेव्हा ती हसली होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

यूअनशी व्हिडिओवर बोललो. हा इस्टेटीवर हरणांचं बघतो आणि स्नोमोबाइल मुख्यतः तोच चालवणार. पन्नाशीचा, दाढीवाला, बोलायचे पैसे पडतात असं वाटून बोलणारा.

मी विचारलं, तुमचं प्राथमिक मत काय?

"एकशे सेहेचाळीस," तो म्हणाला. "नॉर्वेत एक हिवाळा चालवली होती. दोन्ही करते. धड एकही नाही, पण दोन्ही करते."

मी त्याला नम्रपणे समजावलं की एका माणसाच्या एका हिवाळ्यावरून निर्णय घेता येत नाही. तो "आय" म्हणाला. स्कॉटिश लोक 'हो'ला आय म्हणतात. त्याच्या मागे आश्लेषा उभी होती, ती खोकत होती की काय कोण जाणे, तोंडावर हात होता.

माझा कल १६३ कडे आहे. सपाटीवर थोडं वळायला जड गेलं तर काय बिघडतं? चढावर अडकलं तर माणसं अडकतात. अत्यंत तर्कशुद्ध.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आश्लेषाला आवश्यक माहितीची यादी पाठवली होती, एकेचाळीस प्रश्न. तिने कामावरून येऊन उत्तरं दिली, दमलेली वाटली. प्रश्न बारा: बंद रस्त्याच्या काळात वर किती वेळा जावं लागतं? "गेल्या विंटरला नऊ वेळा." प्रश्न तेरा: कशी गेलीस? "गेले कशीतरी."

मी म्हटलं, "कशीतरी हा डेटा नाही."

"मग ब्लँक ठेव, बाबा." थोडं थांबून म्हणाली, "तू एकदा येऊन बघ ना. दोन वर्षं झाला मला इथे."

"झाली," मी म्हटलं. कामं होती ना दोन वर्षं. आता नाहीत, पण आता ट्रॅकचं काम आहे.

फोन ठेवल्यावर सुप्रभा म्हणाली, "तिला तुझ्याकडून ट्रॅक नकोय, शशी."

"मग काय हवंय?"

तिने गॅस बंद केला आणि वर निघून गेली. भाजी अर्धी कच्ची होती.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. आठ वर्षांपूर्वी आश्लेषाने दुसऱ्या वर्षाला मेडिकल सोडलं आणि नर्सिंगला गेली. तेव्हा मी एक वाक्य बोललो. "डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभं राहायला तुला एवढं शिकवलं का?" रागात माणूस बोलतो. तिने चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि स्टेशनला गेली. आता कोणाच्या लक्षात असणार. माझ्या आहे, पण माझी स्मरणशक्ती पहिल्यापासूनच चांगली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

ग्लेन ओरन. रीडिंगहून गाडीने दोन दिवस. सुप्रभाला सुट्टी नव्हती, मी एकटाच आलो. उद्या यूअनचा एक मित्र दोन मशीन घेऊन येतोय, १६३ आणि १२९, चालवून बघायला. वर दोन फूट बर्फ आहे. मी प्रेझेंटेशन केलंय.

आश्लेषाचं घर एवढंसं आहे. दारात बुटांचे पाच जोड, सगळे तिचेच, सगळे ओले. मला तिने पलंग दिला, स्वतः सोफ्यावर. मी नको म्हटलं. "पेशंटला बेड मिळतो," म्हणाली.

रविवार, ७ डिसेंबर

उजवा हात आता लिहिण्याइतपत बरा आहे.

काल जंगलवाटेच्या तोंडाशी गावातली चौदा माणसं जमली. लँड रोव्हरच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी दहा मिनिटं बोललो. सहाव्या मिनिटाला कीबोर्डवर बर्फ पडू लागला, तरी बोललो. सारांश: १६३. मग म्हटलं, मीच चालवून दाखवतो.

पहिले दोनशे मीटर अप्रतिम. मला वाटलं, आयुष्यभर मी चुकीच्या वाहनात बसलो. मग वळण आलं. हँडल वळवलं. पुढच्या स्की वळल्या. मशीनने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि सरळ गेलं. वाटेच्या कडेला चर होता. त्यातलं पाणी चहाच्या रंगाचं असतं, पण चहाशी त्याचं नातं तिथेच संपतं.

मला बाहेर काढलं, कोणाचा तरी कोट घातला. अभिमानापोटी मी लगेच १२९ वर बसलो आणि वळणापलीकडच्या टेकाडाच्या चढाकडे घेतली. वळणावर फुलपाखरासारखी वळली. चढावर तीस मीटर गेली आणि थांबली. मी गॅस दिला. ती खाली गेली. आणखी दिला, आणखी खाली गेली. यूअन चालत आला, खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "असंच खणत राहा, खाली तेल सापडेल."

आश्लेषा इतकी हसली की तिला गुडघ्यांवर हात टेकावे लागले. डोळ्यांतून पाणी. ती असं हसलेली मी कधी पाहिली होती ते आठवेना. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर आणखी एखादा चर असता तर मी त्यातही गेलो असतो.

मंगळवार, ९ डिसेंबर

घरी परतताना मोटरवेवर उत्तर सापडलं. सपाटीला १६३ नालायक, चढाला १२९ नालायक. दोन्हींची बेरीज दोनशे ब्याण्णव. भागिले दोन. एकशे सेहेचाळीस.

चार आठवडे, सत्तावीस कॉलम, एकेचाळीस प्रश्न, एक सुजलेलं मनगट. निष्कर्ष: सरासरी.

यूअनला फोन करून सांगितलं, सविस्तर. तो म्हणाला, "ग्रँड." म्हणजे उत्तम. त्याला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. चांगल्या विश्लेषणाची हीच खूण असते. ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपल्याला आधीपासूनच माहीत होतं.

सोमवार, २९ डिसेंबर

नाताळला आम्ही दोघं इथे आलो. आज सुप्रभा ड्यूटीसाठी ट्रेनने परत गेली. मी थांबलोय, कारण ट्रस्टने मला सुरक्षेचे नियम लिहायला सांगितलेत. म्हणजे मीच म्हटलं की नियम हवेत, आणि सगळे बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले, मग आश्लेषा म्हणाली, "बाबा लिहील."

मशीन आलंय. पिवळं आहे. एकशे सेहेचाळीस इंच, मी टेपने मोजून पाहिलं.

शनिवार, ३ जानेवारी

प्रशिक्षणाचा दिवस. चौघं पास झालो: यूअन, आश्लेषा, पोस्ट ऑफिस चालवणारी इस्ला आणि मी. मी चौथा आलो. प्रशिक्षक म्हणाला की मी सपाटीवर, हवा स्वच्छ असताना, कोणी सोबत असेल तर, हळू चालवू शकतो. मी प्रमाणपत्राचा फोटो सुप्रभाला पाठवला. तिने अंगठा पाठवला. बहुतेक हातात काम असेल.

बुधवार, १४ जानेवारी

आज सविस्तर लिहितो.

रविवारपासून बर्फ. सोमवारी दरीचा रस्ता बंद करायचं फाटक लावलं. मंगळवारी वारा. आज सकाळी वारा पडला आणि साडेआठला फोन आला. सगळ्यात वरच्या घरातून डूगल, एक्याऐंशी वर्षांचा, पूर्वीचा मेंढपाळ, एकटा राहतो. त्याला कायमची लावलेली लघवीची नळी तुंबलेली, पहाटेपासून. आश्लेषा उभ्यानेच फोनवर बोलत होती, शांतपणे, पण बोलता बोलता तिने एका पायात बूट घातलासुद्धा.

मी विचारलं, नळीच ना? उद्या रस्ता उघडल्यावर नाही चालणार?

तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुला सहा तास सू नाही झाला तर कसं होईल? आणि तो थांबतच नाही, येतच राहतं. किडनीला जातं."

हेलिकॉप्टर दुसऱ्या अपघातावर गेलेलं. यूअन सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे इन्व्हर्नेसला गेला होता, तो फाटकाच्या पलीकडे अडकलेला. इस्ला तापाने झोपलेली. आश्लेषा मशीन चालवणार हे नक्की. पण एकट्याने कोणीही वर जायचं नाही हा नियम, पान चार, ठळक अक्षरांत, लेखक मी.

"चल मग," ती म्हणाली.

मी काय काय विचार केले ते लिहायला हवं. पहिला: माझं मनगट. दुसरा: पान चार पुन्हा लिहिता येईल का. तिसरा विचार येईपर्यंत तिने माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं होतं.

सहा मैल सपाट वाट झकास गेली. ज्या वळणावर मी चरात गेलो होतो तिथे मशीन शहाण्यासारखं वळलं. मी मागून ओरडलो, "बघ, एकशे सेहेचाळीस!" तिने एक हात वर केला. बहुधा गप्प बस अशा अर्थाने.

मग चढ. जवळजवळ माथ्यापर्यंत गेलो. बर्फ नवा, पिठासारखा. मशीनचा आवाज बदलला, मागचा भाग बसू लागला. तिने चटकन गॅस सोडला.

"बाबा, उतर."

"का? काय झालं?"

"खूप वजन. उतर, मी वर नेते, तू चालत ये."

उतरलो. मांडीपर्यंत आत गेलो. आणि तिथे, मांडीपर्यंत बर्फात, मला स्प्रेडशीट आठवली. कॉलम नऊ, चालकाचं वजन: पंचाहत्तर किलो. कोणाचं वजन होतं ते? कोणाचंच नाही. मी सत्त्याण्णव किलो आहे. सत्तावीस कॉलममध्ये बर्फाची घनता होती, पट्ट्याच्या दातांची उंची होती, वाऱ्याची दिशा होती. मागे बसणारा बाप नव्हता.

मशीन एकट्या तिला घेऊन वर गेलं, मांजर भिंतीवर चढतं तसं. मी तिच्या पट्ट्याच्या खुणेतून चाललो. दोनशे मीटर, पंचवीस मिनिटं. मध्ये ओरडलो, तू जा पुढे, मी येतो मागून. वरून उत्तर आलं, "पान चार!" ती थांबली. घड्याळाकडे दोनदा बघितलं तिने, मला दिसलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

वर पोचल्यावर मी धापा टाकत म्हटलं, "एकशे त्रेसष्ट घेतली असती तर दोघंही आलो असतो."

"एकशे त्रेसष्ट घेतलं असतं तर आपण चरमध्ये असतो. बस."

डूगलचं घर म्हणजे दोन खोल्या आणि चूल. तो पलंगाची कड धरून बसला होता. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, आणि घशातून एकसारखा एक आवाज. माणसाचा वाटत नव्हता. मला वाटलं, हा आता जातो. आश्लेषाने जॅकेट काढलं, हात धुतले, आणि मला म्हणाली, "किचनमध्ये जा. पाणी उकळ. मी बोलवल्याशिवाय येऊ नको." मी गेलो. चोवीस माणसांची टीम चालवलेला मी, किटलीसमोर उभा राहिलो.

दार अर्धवट उघडं होतं. तिचा आवाज येत होता. इंग्रजी, पण मी कधी न ऐकलेलं. हळू, ठाम, जराही घाई नसलेलं. आता गार लागेल डूगल. आता खोल श्वास. माझ्याकडे बघ. नाही, खाली नको, माझ्याकडे. एकदा काहीतरी अडलं. ती थांबली, आणि मी ऐकलं की ती विचार करतेय. तिच्या मागे कोणी डॉक्टर नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती, घरातला फोन माझ्या बाजूला, किचनच्या भिंतीवर होता. त्या खोलीत जे काही ठरवायचं होतं ते ती ठरवत होती, आणि तिच्याकडे एकही कॉलम नव्हता.

मग डूगलच्या घशातला तो आवाज थांबला. मध्येच, शब्द तुटावा तसा. मला वाटलं, गेला.

"ओह, लॅस," डूगल म्हणाला. मुलीला म्हणतात तसं. मग बऱ्याच वेळाने, "चहा मिळेल का कुठे?"

मी चहा केला. अर्धा बशीत गेला.

तिने त्याचा ताप बघितला, बीपी बघितलं, नोंदी लिहिल्या, फ्रीज उघडून काय खातो ते बघितलं, चुलीजवळ लाकडं आणून ठेवली. तोपर्यंत मी डूगलजवळ बसलो. त्याच्या चेहऱ्यावर रंग येत होता.

"तू बाप," तो म्हणाला. "तपासणीचं काम करायचास ना? ती सांगते. चालायचं का सगळं?"

"बहुतेक वेळा नाही. तेच शोधायचं काम होतं."

तो हसला. मग भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट केलं. त्याची बायको. गेल्या जानेवारीत गेली. "शेवटच्या दहा दिवसांत तुझी मुलगी चार वेळा चालत आली. रस्ता बंद होता. चार तास यायला, वेदनेचं औषध पाठीवर. शेवटच्या रात्री त्या खुर्चीत बसून राहिली. माझ्या बायकोचा हात तिने धरला होता, मला दुसरा मिळाला."

मी गेल्या जानेवारीतले रविवार आठवले. दर रविवारी फोन यायचा. कसं चाललंय? बरं चाललंय बाबा, खूप बर्फ पडली. आणि मी म्हणायचो, पडला. खूप बर्फ पडला.

दीड वाजता निघालो. उतारावर दोघांना घेऊन मशीन खुशीत उतरलं. माळ लागला तसं तिने थांबवलं. "बाबा, तू चालव. मी दोन दिवस झोपले नाही नीट. सपाट आहे, हवा क्लिअर आहे, हळू जा. तुला परमिशन आहे त्याची."

मी पुढे, ती मागे, तिचे हात माझ्या कमरेभोवती, जेवढे पुरतात तेवढे.

सूर्य डोंगराच्या टोकावर होता. सगळा माळ गुलाबी. मी हळू चालवत होतो, आणि समोर बघायचं असल्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोललो. आठ वर्षांपूर्वी काय बोललो होतो ते सगळं, त्याच शब्दांत, म्हणजे काही राहायला नको. म्हटलं, ते चूक होतं. ते बोलताना मला माहीत नव्हतं असंही नाही, माहीत होतं, तुला लागावं म्हणूनच बोललो. मला लोकांना सांगायचं होतं मुलगी डॉक्टर आहे म्हणून. तुझी लाज नव्हती वाटली, माझी वाटत होती, पण ते कळायला माझी नोकरी जावी लागली. दोन वर्षं इथे आलो नाही ते कामामुळे नाही. तुझ्यासमोर उभं कसं राहायचं ते कळत नव्हतं. आज किचनमध्ये उभा राहिलो.

इंजिनाचा आवाज होता, हेल्मेट होतं, म्हणून जवळजवळ ओरडूनच बोललो. माफी मागितलेली माळावरच्या दोन-तीन हरणांनी तरी नक्की ऐकली.

थोड्या वेळाने पाठीवर काहीतरी टेकलं. तिचं हेल्मेट. टेकलं आणि तिथेच राहिलं. झोपली होती.

आठ वर्षांचं भाषण, आणि श्रोता झोपलेला. मंडळात माझं हे नेहमीचंच.

ती पडू नये म्हणून मी वेग आणखी कमी केला. माणूस चालतो त्या वेगाने. एक पांढरा ससा आमच्या पुढून गेला, थांबून मागे बघितलं, आणि पुन्हा गेला. घरी पोचायला हवं तेवढ्यापेक्षा तासभर जास्त लागला. शेडमध्ये इस्ला तापात शाल गुंडाळून वाट बघत उभी होती. काय झालं, विचारलं. मी म्हटलं, मशीन गरम झालं होतं, थांबत थांबत आणलं.

नव्हतं झालं.

गुरुवार, १५ जानेवारी

सगळं अंग दुखतंय, पापण्यासुद्धा.

आश्लेषा सकाळी अकरापर्यंत झोपली. उठली ती बऱ्या मूडमध्ये. डूगलचा फोन आला होता, ठीक आहे तो. मी पोहे केले. खाताना ती अचानक म्हणाली, "बाबा, तू चालवताना खूप बोलतोस."

"तुझी झोपमोड झाली का?"

"नाही." तिने पोह्यांवर लिंबू पिळलं, बराच वेळ, लिंबात काही उरलं नव्हतं तरी. "छान चालवलंस."

म्हणजे तिला काहीच ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागणार. या वेळी समोर बसून, आणि इंजिन बंद असताना. पहिल्यांदा नीट जमलं होतं, आता तसंच्या तसं आठवतं का बघायला हवं.

बशी धुताना, पाठमोरीच, तिने विचारलं, "तू मार्चपर्यंत राहशील? टीमला एक ट्रेन्ड माणूस पाहिजे. आणि..." मग म्हणाली, "टीमला पाहिजे."

हे व्यवहार्य आहे. यूअनच्या दाताचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, इस्लाची तब्येत नाजूक. चौथा माणूस असलेला बरा. मी म्हटलं, सुप्रभाला विचारून सांगतो. पण माझं वजन जास्त आहे, हे ट्रस्टने लक्षात घ्यायला हवं.

"चढावर तू चालत ये," ती म्हणाली. "मी वर थांबीन."

संध्याकाळी टेकाडावर जाऊन, जिथे रेंज येते तिथे, सुप्रभाला फोन लावला. कालचं सगळं सांगितलं. माफीचं भाषण वाया गेल्याचंही सांगितलं. शेवटी मार्चचं सांगितलं.

"तिने विचारलं?" सुप्रभा म्हणाली. "तिने स्वतःहून?"

"हो. टीमसाठी."

पलीकडे काहीच नाही. डोंगरात सिग्नलचा भरवसा नसतो. मी दोनदा हॅलो, हॅलो केलं, फोन डोक्यावर धरून बघितला. मग एकदम तिचा आवाज आला, सर्दी झाल्यासारखा.

"थर्मलचे आणखी दोन जोड पाठवते," ती म्हणाली. "एक्सएल."